डाव्या बाजूचा सूर

"मग तुम्ही वाजवता काय?" हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय, तितक्या वेळा कुणी माझं नावसुद्धा विचारलं नसेल. काहीच वाजवत नाही असं सांगितलं की समोरचा हळूच म्हणतो, म्हणजे नुसते हात हलवता होय? निपाणीकडच्या एका गावात स्टेज लहान पडत होतं, तेव्हा जत्रा कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे येऊन तोडगा काढला, "ते काठीवाले तेवढे खाली उभारले तर चालतंय न्हवं?" लय देणारी काठी हातात धरणारा काठीवाला मीच, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं चालतंय की, फक्त मग बाकीचे वीस जणही खालीच उभारतील.

आधी फौजेच्या बँडात आणि पेन्शनीवर आल्यानंतर बेळगावात स्वतःचा वाद्यवृंद काढून, असा मी हात हलवण्यातच जन्म घालवला. संपादकांनी सांगितलंय, गमतीजमती लिहा, दिवाळी आहे. गमती आहेत, दोन-चार सांगतोही. पण कंडक्टरचं काम म्हणजे नक्की काय, हे लिहायला बसलो की मला एकच माणूस आठवतो. येळ्ळूरचा नारू, आमचा पहिला क्लॅरिनेटवाला. नाव तेवढं बदललंय. त्याची काडीची चूक नसताना मी त्याचं वाजवणं कायमचं बंद पाडलं. ते सोडून बाकीचं लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं झालं.

पण आधी काम काय ते सांगतो, नाहीतर माझा गुन्हा काय ते कळणार नाही. बघणाऱ्याला वाटतं की हात आणि सूर बरोबरीनं चालतात. तसं नसतं. हात पुढं असतो. वीस माणसं, त्यातल्या कुणाला फुंकायचंय, कुणाला गज ओढायचाय, कुणाला ढोल बडवायचाय. फुंकणाऱ्याला आधी श्वास घ्यावा लागतो, आणि तो कधी घ्यायचा हे माझा हात सांगतो. हात वर जातो तेव्हा सगळे श्वास घेतात, खाली येतो तेव्हा सूर निघतो. उजव्या हातानं लय द्यायची आणि डाव्या हातानं बाकी सगळा संसार. तू ये, तू थांब, तू जरा हळू, आणि तू, बाबा, गप्प बस. हे सगळं तोंडातून अक्षर न काढता.

आणि गायक. आमच्या भागातल्या कार्यक्रमात कमिटीच्या घरातलं एक तरी माणूस गायला उभं राहतंच. यादीत दोन कन्नड गाणी जशी ठरलेली, तसं हेही ठरलेलं. एकदा अशाच एक सूनबाई मुखडा संपल्यावर वाद्यांचा तुकडा चालू असतानाच, आठ मात्रा आधी, अंतरा म्हणायला लागल्या. त्यांना थांबवता येत नाही, सासरे पुढच्या रांगेत बसलेले. मी डाव्या हाताची मूठ वळली, एका दमात सगळी वाद्यं तोडली, एकट्या तबल्याला चालू ठेवलं आणि चौथ्या मात्रेवर सगळ्यांना अंतऱ्यात ढकललं. सूनबाईंना पत्ता नाही, सासऱ्यांना नाही, गावाला नाही. खाली उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, तुमच्या लोकांनी बरी साथ केली. एवढंच आमचं काम. चूक झाली हे कुणाला कळू न देणं.

नारूचं मोठेपण मला अशाच एका प्रसंगातून पहिल्यांदा नीट कळलं. निपाणीत तंबाखूच्या एका वखारीच्या आवारात कार्यक्रम होता. दुपारभर पोती हलवलेली, हवेत तंबाखूची पूड. पहिल्याच गाण्याला आमच्या फुंकणाऱ्यांची नाकं चुरचुरायला लागली. ट्रंपेटवाला शिंकला, सॅक्सोफोनवाला शिंकला, लोकांना वाटलं हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग. पुढं बासरीचा एकट्याचा तुकडा. मी बासरीवाल्याकडं बघतो तर त्याचं तोंड उघडं, डोळे मिटलेले आणि शिंक अर्ध्यावर अडकलेली. दोन मात्रा राहिल्या होत्या. मी नुसतं नारूकडं बघितलं. हातसुद्धा केला नाही. त्यानं बासरीचा तुकडा क्लॅरिनेटवर असा उचलला की जणू तो त्याच्याच कागदावर लिहिलेला होता. त्याच्या कागदावर त्या ठिकाणी नुसती विश्रांतीची खूण होती. वीस वर्षं शेजारी बसून तो सगळ्यांचं ऐकत आला होता, त्याला सगळ्यांचं पाठ होतं.

आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो. मी कंग्राळीचा, तो येळ्ळूरचा. गावात तो लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, मी शाळेत बऱ्यापैकी शिकलेला. फौजेत मला परीक्षा देता येत होत्या आणि त्याला वाजवता येत होतं. त्यामुळं मी वर चढत गेलो, काठी हातात आली, आणि तो क्लॅरिनेटच्या पहिल्या खुर्चीवर बसून राहिला. त्याबद्दल त्याच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. निवृत्तीनंतर तो गावी भात लावायचा आणि रविवारी सकाळी सिटी बसनं पेटी मांडीवर घेऊन तालमीला यायचा. बेळगावात एका शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम व्हायची.

फौजेच्या बँडात एक रीत असते. काठीला उलट बोलायचं नाही. कंडक्टर म्हणाला सूर चढलाय, तर चढलाय. तुमचा कान काही का सांगेना, आधी सूर उतरवायचा, मग वाटलं तर नंतर बोलायचं. वीस जणांचे वीस कान चालायला लागले तर बँड उभाच राहणार नाही, म्हणून एकाचा कान खरा मानायचा. रीत चांगलीच आहे. फक्त तो एक कान धड पाहिजे.

साठी उलटून गेल्यावर एका रविवारी मला नारूचा सूर चढा लागला. केसभर. मी हात थांबवला, त्याच्याकडं बघून बोट खाली केलं. त्यानं मान डोलावली, वाद्याच्या तोंडाखालचा जोड किंचित बाहेर ओढला. क्लॅरिनेट अशानं उतरते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. महिन्याभरानं तर वरच्या पट्टीतला प्रत्येक सूर मला टोचायला लागला. मी थांबवायचो, तो जोड ओढायचा. मला बरं वाटायचं आणि त्याच्या मागं बसलेले एकमेकांकडं बघायचे. ते का बघतात हे मी स्वतःला विचारलं नाही.

आमच्यात व्हायोलिन वाजवणाऱ्या एक देशपांडे मॅडम आहेत, टिळकवाडीच्या, कॉलेजात शिकवतात. तालीम सुटल्यावर त्या माझ्याकडं आल्या आणि फार जपून म्हणाल्या की सर, मला नारूआण्णांचा सूर उलट उतरलेला वाटतोय, चढलेला नाही. फोनवर सूर मोजायची सोय असते, एकदा बघू या का? मी त्यांना काय म्हटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, "मॅडम, फोन पर्समध्ये ठेवा. इथं कान मोजतो." तेही सगळ्यांसमोर. मागं कीबोर्ड ठेवलेला होता. नारूला उठवून त्याच्यापाशी नेलं असतं आणि एक पट्टी दाबून बघितली असती तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. पण मशीनला विचारून सूर ठरवायचा तर मी कशाला, अशी माझी मिजास. त्या मिजाशीची किंमत दुसऱ्यानं मोजली.

नारूची तर दोन्हीकडून कोंडी झाली होती, हे मला आता कळतं. त्याच्या कानाला बरोबर वाटेल असं वाजवलं की मी कपाळाला आठ्या घालायचो. मला पाहिजे तसं वाजवलं की शेजारचे दचकायचे. असं वर्षभर झाल्यावर कुठला माणूस स्वतःच्या कानावर भरवसा ठेवेल? एके दिवशी त्यानंच मला बाजूला घेऊन विचारलं की माझं काय चुकतंय ते एकदा नीट सांग. मी जाणकाराचा आव आणून त्याला तोंड उघडायला लावलं. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकलेले असतात. त्याचा एक दात हलत होता. मी म्हटलं, "हे बघ, दात ढिला झालाय म्हणून तू ओठ आवळून धरतोस. आवळलं की सूर चढतोच. दातांचं बघ आधी." त्यानं बोटानं दात हलवून बघितला आणि म्हणाला, "व्हय की रं रामा, हलतोय खरा." त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखी दिसली. एवढ्या दिवसांनी कारण सापडलं होतं.

नंतर दोन महिने तो आला नाही. मला वाटलं भाताची कामं असतील. आला तो वरचे सगळे दात काढून, नवी कवळी बसवून. एक हलत होता, दुसरेही फार टिकणार नाहीत असं दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, आणि हा म्हणाला, मग काढून टाका सगळे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, मला वाजवायचंय. पन्नाशीत लग्न ठरल्यासारखा खूश होता. खुर्चीवर बसला, वाद्य तोंडात धरलं, मी हात वर केला, आणि कवळी वाद्याबरोबर खाली आली. क्लॅरिनेट किंचाळली. ओठांच्या कडेनं फुस्स करून हवा गेली. सगळ्यांनी आपापल्या कागदात मान घातली. त्यानं कवळी दाबून बसवली आणि माझ्याकडं बघून हसला, म्हणजे पुन्हा हात वर कर. मी केला. पुन्हा तेच झालं.

घरी त्यानं चार-पाच महिने खटपट केली. कवळीला चिकटवायची पूड आणली, रबराचा तुकडा लावला, कवळी काढून नुसत्या हिरड्यांवर धरून बघितलं. हिरड्यांतून रक्त यायचं, असं त्याच्या बायकोनं, सावित्रीवहिनींनी नंतर सांगितलं. मग एका रविवारी त्याचा फोन आला, जमंना झालंय, माझ्या जागी दुसरं कोण तरी बघ. आम्ही त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फोटो. मी भाषण केलं. कलाकारानं कधी थांबावं हे नारूकडून शिकावं, असं मी त्या भाषणात म्हणालो. तो पुढच्या रांगेत शाल पांघरून बसला होता आणि टाळ्या वाजवत होता.

हल्ली क्लॅरिनेटवाले मिळत नाहीत. हल्ली वाद्यवृंदच कुणाला नको असतो. गायक मोबाईलवर तयार साथ लावतात आणि गातात, ना कुणाला श्वास द्यावा लागतो ना थांबवावं लागतं. आम्हाला वर्षाकाठी चार कार्यक्रम मिळाले तरी खूप. म्हणून नारूची खुर्ची तीन वर्षं रिकामी राहिल्यावर मी आमच्या कीबोर्डवाल्या सुनीललाच नारूच्या जागी, माझ्या डाव्या हाताला आणून बसवलं. क्लॅरिनेटचे तुकडे त्यानं मशीनवर वाजवायचे. सुनील बँकेत नोकरीला, पन्नाशीचा, शांत माणूस. पहिल्याच तालमीत मी हात थांबवला आणि म्हटलं, "सुनील, चढतंय."

सगळे हसले. सर गंमत करताहेत. सुनीलही हसला आणि म्हणाला, "सर, हे मशीन हाय. चढंल कसं?" देशपांडे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या. मी त्याला तीच पट्टी दाबून धरायला सांगितली. उजवा कान बोटानं बंद केला. मग डावा बंद केला. एकाच पट्टीचे मला दोन सूर ऐकू आले. डाव्या कानात चढा, उजव्यात बरोबर. मी लोकांना सांगितलं की चक्कर आली आणि तालीम सोडून दिली.

कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर रेघा काढून दाखवल्या. म्हणाले, होतं असं, वयानं होतं, जन्मभर वाद्यांच्या पुढं उभं राहिल्यानंही होतं, बरीच वर्षं असणार तुम्हाला. बोलणं नीट ऐकू येतंय ना, मग काळजी करू नका. मी त्यांना काय सांगणार? नारू जन्मभर माझ्या डाव्या हाताला बसला होता, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं.

येळ्ळूरला जायला मला त्यानंतर आठ महिने लागले. रोज ठरवायचो. कधी पाहुणे आले म्हणून राहिलं, कधी ऊन फार म्हणून. खरं म्हणजे भीती वाटत होती. त्यानं शिव्या घातल्या तर काय, ही भीती नव्हती. घातल्या नाहीत तर काय, ही होती. शेवटी मे महिन्यात गेलो. नारू पडवीत भुईमुगाच्या शेंगा निवडत बसला होता. वहिनींनी पाणी दिलं. मी पाणी न पिता, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कान, मशीन, डॉक्टर, रेघांचा कागद. कागदही पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. त्याचे हात शेंगांमध्ये चालूच होते.

"म्हंजे मी चढत न्हवतो?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"कवाच न्हाय?"

"कवाच न्हाय. तू बरोबर होतास."

त्याचे हात थांबले. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या बोलल्या, पण माझ्याकडं न बघता. दात काढायच्या आधी मी ह्यांना म्हटलं होतं, एकदा दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. तर मला म्हणाले, रामाच्या कानावर आणि दुसरा कान कशाला? एवढं सांगून त्या आत गेल्या. मी माफी मागितली. माझे शब्द मलाच पोकळ वाटले. नारूनं ऐकून घेतलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"दात गेलं म्हणून वाजवणं गेलं. म्हातारपण हाय, सगळ्यांचंच जातंय, असं म्हणून मी गप बसलतो. चार वर्सं. आता काय म्हणून बसू, सांग."

मी त्याला खरं सांगायला गेलो होतो, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी माझ्या छातीवरचा धोंडा उचलून त्याच्या छातीवर ठेवायला गेलो होतो. त्याची एवढ्या वर्षांनी बसलेली घडी मी मोडली, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

तो उठला, आत गेला आणि पेटी घेऊन आला. वाद्य जोडलं. हात अजून सरावाचे होते. रीडची पातळ पात जिभेवर ओली केली, कवळी अंगठ्यानं वर दाबून बसवली आणि एकच लांब सूर लावला, तालमीच्या आधी लावायचो तो. मी डाव्या कानावर हात ठेवला आणि उजव्यानं ऐकलं. हवा बाजूनं जात होती. सूर थरथरत होता आणि चांगलाच उतरला होता. त्यानं वाद्य खाली घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. नेहमी बघायचा तसंच, हुकमाची वाट बघत. काठी हातात धरल्यापासून सुराच्या बाबतीत मी कुणाशी जाणूनबुजून खोटं बोललो नव्हतो.

"बरोबर हाय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याविरुद्ध बोलला, आणि आवाजात राग नव्हता.

"न्हाय रं. उतरलाय. माझा कान चांगला हाय, आत्ता कळलं."

मग त्यानं क्लॅरिनेटचे जोड एकेक करून सोडवले, फडक्यानं आतून पुसले आणि पेटीत ठेवले.